मेणाची दोरी

काकवी करपल्याचा वास आला की बनाबाईला मिरजेची कंपनी आठवायची. गुऱ्हाळावर हाच वास सुटला तर गुळव्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. पण सांगलीच्या वखारभागाच्या कडेला, पत्र्याच्या त्या एवढ्याशा शेडात भट्टीवर काकवीत कालवलेल्या वाळूचे कोर भाजायला ठेवले, की काकवी करपणारच. आणि तशी ती करपली, की बाई हातातलं काम टाकून नाक वर करून बसायची.

"आक्का, ग्येल्या जनू सासरी," साचे थापणारा कृष्णात चिडवायचा.

"सासरी न्हवं रं. म्हायेरी," बनाबाई म्हणायची आणि पुन्हा चाळणी हलवायला लागायची.

तिचं ते म्हणणं काही अगदीच खोटं नव्हतं. लढाईच्या आधी दोन-तीन वर्षं मिरज स्टेशनाच्या पल्याड विलायतेतल्या एका कंपनीनं कारखाना घातला होता. पैसा तिकडचा, यंत्रं तिकडची, साहेब तिकडचा; वाळू तेवढी कृष्णेची आणि माणसं इथली. विहिरीवर पाणी ओढणारी इंजनं तिथं जोडली जायची. पुढं लढाईनं बोटी अडवल्या, तिकडून येणारे बिडाचे भाग येईनासे झाले, तेव्हा ते भागही मिरजेतच ओतायला सुरुवात झाली. नांगर धरणारे हात साचे थापायला लागले, आणि लोक लांबून लांबून भट्टी बघायला यायचे.

बनाबाई तिथं गेली ती नवरा गेल्यावर. भाऊसो पलटणीत होता. बेचाळीस साली आफ्रिकेच्या वाळवंटात पडला. तार आली, चुडे फुटले, आणि सासरच्या घरात तिच्या वाट्याला चुलीमागचा कोपरा आला. त्याच वेळी कंपनीला कोर करायला बाया हव्या होत्या, कारण असली कामं बायकांच्या बोटांना नीट जमतात असं साहेबाचं मत होतं. भावकीत जो तो नाक मुरडायला लागला. विधवा बाई, आणि गोऱ्या साहेबाच्या कारखान्यात. तेव्हा तिचा थोरला भाऊ दादासो भिलवडीहून बैलगाडी घेऊन आला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "माजी भन चोरी कराय चालली न्हाई, कामाला चाललीया. ज्येला बोलायचं त्येनं माज्याम्होरं बोलावं." दादासोचा आवाज तसा मोठा नव्हता, पण मनगट होतं. त्यानंच तिला गाडीत बसवून मिरजेला पोचवलं.

ग्रँटसाहेब माणूस तापट. बिघडलेल्या साच्याला लाथ घालायचा, आणि मग पाय दुखला म्हणून पुन्हा साच्यालाच शिव्या द्यायचा. मराठी त्याला मोजकीच यायची, पण जी यायची ती तो कानात बसेपर्यंत म्हणायचा. पहिल्याच दिवशी त्यानं बनाबाईला कोर दाखवला. बिडाच्या वस्तूत जिथं पोकळी राहायला हवी तिथं वाळूचा भाजलेला तुकडा ठेवायचा, भोवती लोखंडाचा रस ओतायचा, मग वाळू फोडून काढायची, पोकळी तयार. एवढं तिला लगेच कळलं. पण साहेब पुढं म्हणाला, तापलेल्या वाळूत वारं तयार होतं, त्याला बाहेर जायला जागा लागते. नाही तर ते रसात घुसतं आणि बीड भोकाभोकाचं होतं.

"बाय, वाट दे," तो म्हणाला. "वाट दे, वाट दे."

बनाबाईला तव्यावरची भाकरी आठवली. वाफेला जायला जागा नसते, म्हणून तर भाकरी फुगते. तिनं ते हातवारे करून सांगितलं, आणि साहेब एवढा खूश झाला की पुढं चार दिवस दिसेल त्याला भाकरीचं उदाहरण देत सुटला.

सरळ कोराला तारेनं भोसकून वाट करता यायची. इंजनाच्या हेडचं तसं नव्हतं. हेड म्हणजे इंजनाचं डोकं. त्यातून पाणी फिरतं, म्हणून आतली पोकळी वाकडीतिकडी. वळणावर तार काय जाणार? त्यासाठी विलायतेहून एखाददुसऱ्या बोटीनं पत्र्याच्या डब्यातून एक दोरी यायची. पिवळसर, बोटानं वळवू तशी वळणारी. वळवटाची लांब शेवई असावी तशी. ती ओल्या कोराच्या पोटात वळणावळणानं घालायची. कोर भाजताना दोरी वितळून वाळूत मुरून जायची, आणि तिच्या जागी मागं बारीक नळी राहायची. साहेब त्या डब्याला जिवापलीकडे जपायचा. साचे थापणाऱ्या मोल्डर लोकांत त्या दोरीचा केवढा दरारा. विलायती औषध आहे, हात धुऊन शिवावं, असं काहीबाही बोललं जायचं.

आणि पंचमीची ती गोष्ट. ती बनाबाईच्या आधीची, पण कृष्णातनं इतक्या वेळा सांगितलेली, की तिला आपण डोळ्यांनी बघितल्यासारखी वाटायची. कंपनीत ओतकाम सुरू झालं ते पहिलंच वर्ष. नागपंचमी आली. आपल्याकडं त्या दिवशी कुणी माती खणत नाही, चिरत नाही, तवा ठेवत नाही. जमिनीच्या पोटात नाग असतो, त्याला इजा व्हायची. साहेबानं सुट्टी दिली नव्हती म्हणून सगळे कामाला आले, साचे नीट थापले, पण वाळूत तार खुपसायला एकही हात उठला नाही. साहेबाला सांगायची छाती कुणालाच झाली नाही. दुपारी रस ओतला आणि साचे असे उसळले, की साहेबाची टोपी पत्र्यावर गेली. कारण कळल्यावर त्यानं शिडी मागवून स्वतःच टोपी उतरवली. दुसऱ्या वर्षापासून पंचमीची सुट्टी सुरू झाली, आणि ती कंपनी असेपर्यंत कधी चुकली नाही.

त्या सुट्टीच्या आदल्या दिवशी दादासो कंपनीच्या फाटकाशी हजर असायचा, बहिणीला न्यायला. विधवा बहिणीला पंचमीला कोण आणतं, असं म्हणणाऱ्या बाया गावात होत्याच. दादासो त्यांच्या नवऱ्यांना ओळखून होता. तो हसायचा आणि गाडी जुंपायचा. तिकडं झोके बांधलेले असायचे. बनाबाई झोक्यावर बसायची नाही, पण पोरींना झोका द्यायला ती उभी असायची, आणि वहिनी, रंगुबाई, तिच्यासाठी पुरणाची दिंडं बाजूला काढून ठेवायची. वर्षातले तेवढे दोन दिवस तिला कुणी बाई म्हणायचं नाही. बने म्हणायचं. त्या दोन दिवसांवर ती उरलेलं वर्ष काढायची, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही, तरी खरं होतं.

लढाईत, कोराची वाळू धरून ठेवणाऱ्या तेलाचे डबे बंद झाले. साहेब म्हणाला, आमच्याकडंही अडलं म्हणजे काकवी घालतात, इथं मिळते का? बनाबाई म्हणाली, माझ्या भावाचं गुऱ्हाळ आहे. अशी दादासोची काकवी कंपनीत यायला लागली. पिंपं उतरवून झाली, की तो इंजन तपासायच्या ओट्यापाशी जाऊन उभा राहायचा. इंजन धडधडायचं, पाण्याचा लोट पडायचा, आणि दादासो पटका मागं सारून बघत राहायचा. लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी त्यानं मोटेची बैलजोडी, हौशा आणि पाखऱ्या, विकून तिथलंच इंजन घ्यायचं ठरवलं.

"बने," तो तिला म्हणाला, "बैल दुखावला तर मला कळतंय काय करायचं. ह्ये मोडलं तर?"

"मोडलं तर मी हाय की, दादा," बनाबाई म्हणाली.

ती अगदी सहज बोलून गेली. कंपनी होती, साहेब होता, डब्यात दोरी होती. पण दादासोनं जनावरं विकली ती या एका वाक्यावर.

मग राज्य बदललं, संस्थानं गेली, आणि कुठं तरी विलायतेत चार माणसांनी बसून मिरजेचा कारखाना मोडायचं ठरवलं. यंत्रं आगगाडीच्या वाघिणीत चढली. साहेबानं आपली पितळी थापी कृष्णातला दिली आणि दोरीचा उरलासुरला डबा बनाबाईला. "वाट दे," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून चालता झाला. यंत्रं गेली, पण हातांत जे मुरलं होतं ते काढून वाघिणीत घालायची युक्ती कुणापाशी नव्हती. कृष्णात, खटाव-माणच्या बाजूचा भट्टीवाला धुळा, आणि बनाबाई यांनी सांगलीत पत्र्याचं शेड घातलं. उसाच्या चरकाचे दाते, कप्प्या, असलं भरीव काम ते ओतू लागले. असल्या भरीव कामाला ती विलायती दोरी लागत नाही, पण नव्या उमेदीत कृष्णातनं मिळेल तिथं ती घातली, आणि डबा बघता बघता रिकामा झाला. बनाबाईनं तो घरी नेऊन त्यात सुया-दोरे ठेवले.

आणि या वर्षीच्या चैत्रात दादासो शेडाच्या दारात आला. मागं हमालाच्या डोक्यावर पोतं. पोत्यातून त्यानं इंजनाचं हेड काढून जमिनीवर ठेवलं. आडवा तडा गेला होता.

कृष्णातनं तड्यावरून बोट फिरवलं आणि बनाबाईकडं बघितलं. दोघांनाही एका नजरेत कळलं होतं. असा तडा एकाच गोष्टीनं जातो, सणकून तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं म्हणजे. टाकीतलं पाणी संपलं असणार, इंजन तापून धापा टाकायला लागलं असणार, आणि दादासोनं थकल्या बैलाच्या पाठीवर ओतावी तशी विहिरीची घागर त्याच्या डोक्यावर उपडी केली असणार. मायेनंच केली असणार. बनाबाईनं पोत्याचं टोक तड्यावर ओढलं.

"ह्ये तुजं इंजन," दादासो म्हणाला. त्याची नजर तिच्याकडं नव्हती. "दोन जनावरं तुज्या शब्दावर इकली म्या. कंपनी ग्येली, सायब ग्येला. पावन्याची बैलं मागून मोट हाकतुया आन् ऊस डोळ्याम्होरं पिवळा पडतुया. लोक हसत्यात."

"मी करून देते, दादा."

"आता काय करून देतीस?" तो उठला. "पंचमीला माजी वाट बघू नगंस."

तो गेल्यावर शेडात भट्टीचा आवाजही मोठा वाटायला लागला. धुळा कोळसे उगाच इकडचे तिकडे करत राहिला. बनाबाईच्या मनात ऊस होता, नाही असं नाही. पण त्याच्याहून जास्त ते शेवटचं वाक्य होतं. तिला माहेर म्हणून जगात एकच उंबरा होता आणि त्या उंबऱ्याचा मालक तिची वाट बंद करून गेला होता.

ते कामाला लागले. तुटक्या हेडलाच नमुना धरला. बीड निवलं की आक्रसतं, म्हणून त्यावर कागदाचे पदर चिकटवून त्याला थोडं जाड केलं. कोर बनाबाईनं केले. पण दोरी नव्हती. कृष्णातनं तारेनं जिथवर पोचेल तिथवर वाट केली. रस ओतताच साचा गुरगुरला आणि ठिणग्या ओकला. थंड झालेलं हेड फोडून बघितलं तर आत वारुळासारखी भोकं. मग सुताची दोरी घालून भाजण्याआधी ओढून काढायचा घाट घातला. वळणावर दोरी अडली आणि कोराचे दोन तुकडे झाले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. वैशाख लागला. भिलवडीकडून येणारा प्रत्येक माणूस सांगायचा, दादासोचा ऊस आता काही धरत नाही.

"आक्का, विलायती वस्तू ती," कृष्णात म्हणाला. "आपल्याकडं कुठनं याची?"

त्या दुपारी बनाबाई घरी आली, ती फाटलेलं पोलकं शिवायला म्हणून. सुयांचा डबा खिडकीत उन्हात तापला होता. झाकण काढलं आणि आतून एक वास आला. डब्याच्या तळाला दोरीचा पुसटसा थर राहिला होता, तो उन्हानं पाघळला होता. बनाबाईनं डबा नाकाशी धरला. तो वास तिच्या ओळखीचा होता. कंपनीतला नव्हे, त्याच्याही आधीचा. नवी नवरी असताना रोज सकाळी न्हाऊन आरशासमोर बसलं की येणारा.

तिनं ट्रंक उघडली. तळाशी, लुगड्याखाली, लाखेचा करंडा होता. तिच्या लग्नात दादासोनं मिरजेच्या बाजारातून आणलेला. एका कप्प्यात कुंकू, दुसऱ्यात मेण. आधी मेण लावायचं, मग त्यावर कुंकू, म्हणजे दिवसभर पुसलं जात नाही. तार आल्यापासून तिनं तो उघडला नव्हता. मेण घट्ट झालं होतं आणि त्याच्या मधोमध तिच्या बोटाची खळगी होती, रोज बोट फिरवून पडलेली. बनाबाईनं त्यात बोट ठेवलं. बोट आता जाड झालं होतं, वाळूनं चरबट झालं होतं, तरी त्या खळगीत बसलं. मग ती रडली. नवरा गेला तेव्हा चार बायकांच्या गराड्यात रडली होती, ते रडणं रीतीचं होतं. हे एकटीचं होतं, आणि बऱ्याच दिवसांचं साठलेलं होतं.

रडून झाल्यावर तोंड धुऊन ती करंडा घेऊन शेडात गेली.

"कृष्णात, ती दोरी मेणाची हाय. आपल्याच मेणाची. वास घेऊन बग."

कृष्णातनं डब्याचा वास घेतला, करंड्याचा घेतला, आणि कपाळावर हात मारून घेतला. एवढी वर्षं ज्याला हात धुऊन शिवत होते ते प्रत्येक घरात आरशापाशी पडलं होतं. मग त्याची नजर करंड्यातल्या खळगीवर गेली.

"आक्का, ह्ये ऱ्हाऊ द्या. मेण बाजारात बी मिळंल. चांभाराकडं सुदिक आसतंय. मी आत्ता जाऊन आनतो."

"आन की. बाकीच्यांच्या इंजनांना त्येच आन," बनाबाई म्हणाली. "दादाच्या इंजनाला ह्येच."

तिनं मेण उन्हात मऊ केलं. खळगी बोटानंच मोडली. मग पाटावर वळवट वळतात तशी ती तळव्याखाली मेण वळत बसली. एका कोरापुरती दोरी झाली, जास्त नाही. मग ती तिनं कोराच्या पोटात वळणावळणानं ठेवली. साहेब असता तर मागं उभा राहून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणाला असता. तो नव्हता, म्हणून ती स्वतःच पुटपुटत होती.

धुळानं रस ओतला. साचा गुरगुरला नाही. बनाबाईनं पेटती काडी कोराच्या तोंडाशी नेली, ग्रँटसाहेब न्यायचा तशी, आणि तिथं निळी ज्योत धरली. वारं सरळ बाहेर येऊन जळत होतं. तिघं जण ती ज्योत विझेपर्यंत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी वाळू झटकून कृष्णातनं हेडवर हातोडी मारली, तर देवळातल्या घंटेसारखा आवाज निघाला.

हेड बसवायला कृष्णात आणि धुळा भिलवडीला गेले. बनाबाई गेली नाही; बोलावणं नसताना कसं जायचं? संध्याकाळी कृष्णात आला तो चिखलानं माखलेला. इंजन सुरू झालं होतं, पाणी पाटाला लागलं होतं.

"दादा काय म्हनला?"

"काय न्हाई. पाटाच्या कडंला बसून हुता. म्या त्येंना मेणाचं सांगितलं, आक्का. सांगू नये वाटत हुतं, पन ऱ्हावलं न्हाई."

"मग?"

"मग बी काय न्हाई."

जेठ गेला, आखाड गेला. ऊस पुन्हा हिरवा झाल्याचं लोक सांगायचे. आजूबाजूच्या गावांतून तडकलेली हेडं शेडात यायला लागली, कारण कंपनीची इंजनं पुष्कळ होती आणि कंपनी नव्हती. पलीकडच्या आळीतले ओतारीही मेणाची दोरी वळायला शिकले. रिकामा करंडा बनाबाई शेडातच ठेवायची. श्रावण लागल्यावर आपण कुणाचीही वाट बघत नाही असं तिनं ठरवलं, आणि वाळू चाळायला मुद्दाम दाराकडं पाठ करून बसायला लागली.

पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी चाळणीवर सावली पडली. दादासो होता. आगगाडीतून उतरून स्टेशनापासून चालत आला होता. काखेत केळीच्या पानात बांधलेलं काही तरी. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि चिमूटभर वाळू बोटांत चोळायला लागला.

"पानी म्याच वतलं हुतं," तो म्हणाला. "गार. लय तापलं हुतं गं, बगवंना."

"ठाव हाय मला."

"कवापास्नं?"

"तू पोत्यातनं काडलंस तवापास्नं."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तू आज आला नसतास, दादा."

दादासोनं पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं. मग पान सोडलं. आत मेणाचा गोळा होता, ताजा, पिवळाधमक. "बांदावरच्या जांभळीला पोळं हुतं. रंगूनं गाळून दिलंय." त्यानं फळीवरचा करंडा स्वतःच उचलला आणि मेणाचा कप्पा काठोकाठ भरला. "रिता ठिवू नगंस ह्यो. भावानं दिल्याला हाय."

विधवेच्या करंड्यात कुणी मेण भरत नाही. धुळा खाली बघायला लागला. कृष्णातनं उगाच भट्टीशी खुडबुड केली. बनाबाईनं करंडा मांडीवर घेतला आणि त्या नव्या मेणात हळूच बोट दाबलं. छोटीशी खळगी पडली. मग झाकण लावून तिनं तो फळीवर ठेवला, हात झटकले, आणि लुगड्याचं गाठोडं उचललं. ते सकाळपासून चाळणीमागं बांधून ठेवलेलं होतं.

"चल दादा," ती म्हणाली, "गाडी चुकंल."